दोन उंचीचा ओटा

बेळगावात शहापूर-वडगावकडची जुनी विणकरांची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको: पुढे रस्त्याला लागून मागाची खोली, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी मोरी नि परसू. घर अरुंद आणि लांबलचक. दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे खिडकी काढायची म्हटली तरी काढणार कुठं? आमच्याकडचा माग सासरे होते तेव्हाच बंद पडला, त्या खोलीत आता दुचाक्या उभ्या असतात. स्वयंपाकघर मात्र होतं तसंच राहिलं होतं. भर दुपारी ट्यूब लावायची, पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला, आणि एका कडेला स्टोव्हच्या जमान्यात बांधलेला कडप्प्याचा बुटका ओटा.

मला ते सगळं काढून नवं करायचं होतं. आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, काहीही काढायचं नव्हतं. "एवढी वर्षं काय उपाशी होतो काय आपण?" हा त्यांचा प्रश्न. ह्यांनी नेहमीप्रमाणे दोघींनाही हो म्हटलं.

आधी गेलो एका मॉड्युलर किचनच्या दुकानात. एसीची हवा, कॉफी, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आमचं स्वयंपाकघर तयार. पांढरं, चकचकीत, वरून लोंबणारे पिवळे दिवे, मधोमध एक उंच टेबल आणि त्यावर हिरव्या सफरचंदांची परडी. मला आवडलं नाही असं म्हणणार नाही. तिथल्या मुलानं आम्हाला ग्लॉसी की मॅट विचारलं, हँडल दिसणारं की लपलेलं विचारलं, चिमणी किती मोठी विचारलं. घरात रोज किती भाकऱ्या होतात, त्या कोण करतं, वर्षाचं तिखट कुठं ठेवता, हे मात्र नाही विचारलं. आत्ती पडद्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "ह्यात काटवट कुठं बसणार?" त्यानं मान डोलावली. काटवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात, हे त्याला माहीत नव्हतं असा माझा अंदाज.

तिथून मी नमुन्याचा एक तुकडा मागून आणला. प्री-लॅम पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, आधीच लॅमिनेट चिकटवलेली फळी; दोन्ही बाजूंना सुंदर लाकडी रेषा. आमच्या सुतारमिस्त्रींकडून प्लायचा एक तुकडा घेतला. परसातल्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापवायचं जुनं भगुणं ठेवलं, दोन्ही तुकडे त्यात टाकले आणि पाणी खळखळ उकळू दिलं. तासाभरात बोर्डाच्या कडा फुगल्या, लॅमिनेट एका कोपऱ्यातून सुटलं. संध्याकाळी चिमट्यानं उचलायला गेले तर भिजवलेल्या पोह्यांसारखा भुगा हातात आला. प्लाय काळपटला होता, पण थर धरून होता. आता कोणी म्हणेल, स्वयंपाकघरात कोण बोर्ड उकळतं? खरं आहे. पण जून ते सप्टेंबर बेळगावात जी ओल असते, तिच्यात सिंकखालचं कपाट चार महिने भिजतच असतं, फक्त थंड पाण्यात.

प्लायबद्दल मिस्त्रींकडून दोन गोष्टी कळल्या, त्या सांगून ठेवते. पाण्याला टिकणारा प्लाय हवा तर त्यावर आयएस 710 असा शिक्का बघायचा. हा बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ), बोलीभाषेत मरीन प्लाय; त्याची परीक्षा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. आयएस 303 हा दुसरा शिक्का, पण त्यात एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) आणि बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) असे दोन प्रकार येतात. एमआर दमट हवा सोसतो, पाणी नाही. दुकानदार नुसतं "आयएसआय आहे की हो" म्हणतो आणि आपण मान हलवतो.

दुकानाचं कोटेशन आलं ते बघून ह्यांनी चष्मा पुसला. मग ठरलं, आपला गवंडी, आपला मिस्त्री, आपलं डोकं.

खरं भांडण पुढेच होतं, ओट्याच्या उंचीवरून. मी पाच फूट तीन इंच, आत्ती चार फूट दहा. जुना ओटा 28 इंचांचा. त्यावर भाजी चिरून चिरून माझी कंबर गेलेली. मला 34 हवा होता, हल्ली सगळीकडे तोच बांधतात. आत्ती म्हणाल्या, "मग मला स्टूल दे. स्टुलावर चढून भाकरी थापते." चेष्टेनं म्हणाल्या, पण त्यात राग होता.

मग आम्ही शिंप्यासारखी मापं घेतली. सरळ उभं राहून कोपर वाकवायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायचा. माझं कोपर 39 इंचांवर, आत्तींचं 36 ला थोडं कमी. चिरायचा ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली असला की खांदा सैल राहतो. म्हणजे माझे 34 बरोबर. पण भाकरी थापताना आपण हातानं नाही, खांद्यावरून वजन देऊन थापतो. त्याला ओटा आणखी खाली लागतो. आत्तींना परातीपुढे उभं करून, खाली पुस्तकं रचून बघितलं, तर त्यांचा हात 29 इंचांवर बरोबर पडत होता. म्हणजे बुटका ओटा बुटका नव्हता. भाकरीसाठी तो योग्यच होता, चिरण्यासाठी नव्हता.

आणि मग गॅस. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच, त्यावर पातेलं. 34 च्या ओट्यावर शेगडी ठेवली की कढईचा काठ आत्तींच्या छातीशी येतो, आत काय शिजतंय ते टाचा उंचावून बघायचं. मला स्वतःलासुद्धा कुकरचं झाकण लावताना खांदे वर करावे लागले असते. सिंकचं उलटं: भांडं घासतो ते ओट्यावर नाही, सिंकच्या तळाशी, सात-आठ इंच खाली. म्हणून सिंक उंच भागात हवं. इतकं सगळं कागदावर मांडल्यावर भांडण आपोआपच मिटलं. एल आकाराचा ओटा. एका भिंतीला 34, तिथं सिंक आणि चिरण्याची जागा. दुसऱ्या भिंतीला 29, तिथं शेगडी आणि तिच्या डावीकडे अडीच फूट मोकळी जागा, काटवटीसाठी.

गवंडी सौंदत्तीकडचे, बोलणं सगळं कन्नडमध्ये. मी खुणेनं आणि मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, "इल्लि तग्गु, अल्लि एत्तर." इथं खाली, तिथं उंच. ते बघतच राहिले. "अक्कारी, लेवल तप्पतैत्रि." लेवल चुकेल, लोक हसतील, उद्या माझं नाव खराब होईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी आत्ती पुढे झाल्या आणि खणखणीत कन्नडमध्ये त्यांना काय काय सांगितलं देव जाणे. लहानपण बैलहोंगलला गेलेलं, त्यामुळे ती भाषा त्यांच्या तोंडात लोण्यासारखी नसली तरी हुकमी आहे. गवंडी हसले, डोक्याचं फडकं सोडून परत बांधलं आणि कामाला लागले.

पाच इंचांची ती पायरी कोपऱ्यात घ्यायची नाही, कोपऱ्यापासून फूटभर अलीकडे घ्यायची, हे मात्र त्यांनीच सुचवलं. कोपऱ्यात पायरी आली की तिथं कचरा अडकतो आणि फडकं पोचत नाही. उंच भागाच्या कडेला त्यांनी दगडाची बारीक उभी पट्टी बसवली, म्हणजे सिंकचं पाणी शेगडीकडे उतरत नाही. तिची धार गोल करून घेतली, नाहीतर गरम पातेलं उचलून ठेवताना मनगट घासलं असतं.

दगड निवडायला उद्यमबागच्या पुढच्या एका वखारीत गेलो. काळा ग्रॅनाईट सगळ्यांच्या घरी असतो. दिसतो छान, पण पीठ सांडलं की पांढरं आणि पाणी वाळलं की डाग. इलकल म्हटलं की आपल्याला साडी आठवते. तिथला लालसर ग्रॅनाईटही तितकाच नावाजलेला. बागलकोट जिल्ह्यातला, आपल्याच मुलखातला. तो बघताच आत्तींनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "हा घे." त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी "घे" म्हटलं होतं, मी भाव करायच्या भानगडीत पडले नाही.

त्या दगडानं पुढची सजावट ठरवून टाकली. दुकानाच्या चित्रात ओट्यामागे पॅरिसचा मनोरा छापलेल्या टाइल्स होत्या. आमच्याकडे आत्तींच्या कपाटात त्यांच्या लग्नातली इलकल होती: गर्द जांभळट अंग, लाल पदर, पदरावर पांढरे पट्टे आणि पट्ट्यांच्या कडेला शिखरांची दातेरी नक्षी. तो पदर पलंगावर पसरून मी वहीत उतरवला. साध्या चार बाय चारच्या टाइल्स आणल्या, पांढऱ्या आणि मरून. टाइल फिटरकडून काही टाइल्स तिरक्या कापून घेतल्या. त्रिकोण एकाला एक लावले की दातेरी ओळ तयार होते. ओट्यापासून वर दोन फूट पांढरं, मध्ये ही एक मरून ओळ, बस्स. सगळ्या भिंतीवर नक्षी केली असती तर डोळे दुखले असते. शेगडीमागच्या सांध्यांत साधं ग्राऊट न भरता एपॉक्सी भरलं; हळद आणि तेल त्यात मुरत नाही. महाग पडतं, म्हणून फक्त तेवढ्याच भागात.

ओट्याखाली ट्रॉल्या हव्यात यावर माझं ठाम मत होतं, पण सगळीकडे नकोत. कडप्प्याचे उभे पाट लावून खण पाडले, म्हणजे लाकडाचा सांगाडाच नको; वाळवीला खायला काही नाही आणि ओलीला फुगवायला काही नाही. प्लाय फक्त दारांना. खण जमिनीपासून चार इंच उचलले आणि तो खालचा कट्टा आत सरकवून बांधला, म्हणजे उभं राहिल्यावर पायाची बोटं आत जातात आणि ओट्याला पोट लावून उभं राहता येतं. या चार इंचांचं मोल चित्रात दिसत नाही.

ट्रॉल्यांच्या स्टीलबद्दल एक. लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर स्टील खोटं, असं सांगणारे ठिकठिकाणी भेटतात. पण 202 आणि 304 या स्टीलच्या दोन्ही जाती साधारणपणे चुंबकाला चिकटत नाहीत, आणि ओल्या हवेत गंजतं ते 202. तेव्हा चुंबक घरी ठेवायचा आणि बिलावर 304 लिहून घ्यायचं. थाळी बास्केट, कप-बशी बास्केट, एक चमच्यांचा ट्रे, एवढंच घेतलं. बाटल्यांसाठी ती अरुंद उभी ट्रॉली असते ना, ती घेऊ नका. तेलाची बरणी ओघळली की तिचा तळ पुसता पुसता जीव जातो.

बाकीचे खण मोकळे. कारण आमच्या घरात ज्वारी, तांदूळ येतो तो किलोनं नाही. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची उन्हाळ्यात येते, वाळते, कुटली जाते आणि वर्षभर पुरते. पंधरा किलोचा तेलाचा चौकोनी डबा कुठल्याच ट्रॉलीत बसत नाही. दोन खण त्या डब्यांच्या मापानं पाडले. सिलिंडरलाही टेप लावून बघितला होता. रेग्युलेटरसकट तो 29 च्या खाली मावेना, म्हणून तो उंच भागाखाली गेला. तरीही शेगडी सिलिंडरच्या वरच राहते, ते महत्त्वाचं. त्या खणाच्या दाराला खालच्या बाजूला जाळी ठेवायला सांगितली. मिस्त्री म्हणाले, वर ठेवू की, चांगलं दिसेल. पण गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो. जाळी खालीच.

पाण्याची जागा हा वेगळा विषय. राकसकोप धरणाचं असो की हिडकलचं, आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. तांब्याचे दोन हंडे, एक घागर आणि मातीचा माठ, यांना दुकानाच्या चित्रात जागा नव्हती. मोरीच्या दाराशी शहाबादी फरशीचा गुडघ्याइतका कट्टा बांधला, खाली नाली काढून पाणी मोरीत सोडलं. घासलेले हंडे तिथं ओळीनं बसले की वेगळी शोभेची वस्तू आणावी लागत नाही. जमिनीची जुनी शहाबादी काढलीच नाही, घासून पॉलिश करून घेतली.

आता उजेड. मला वाटतं या सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त बदल झाला तो इथं. छप्पर मंगळुरी कौलांचं. 1865 साली बासेल मिशननं मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला आणि तो साचा पश्चिम किनाऱ्यासकट इकडे घाटावरही सगळीकडे पोचला. आमची कौलं खानापूरची, माप तेच. त्यामुळे त्याच मापाचं काचेचं कौल मिळतं आणि जुन्या कौलाच्या जागी नुसतं सरकवलं की बसतं. पावसाआधी शाकारणीला माणसं येतातच, त्यांच्याकडूनच चार कौलं बदलून घेतली. उत्तरेच्या उतारावर घातली, म्हणजे दक्षिणेच्या मानानं थेट ऊन कमी येतं, उजेड मात्र उतरतो. फ्रीजच्या डोक्यावर एकही येऊ दिलं नाही. अकरा वाजता तांदूळ निवडायला ट्यूब लागत नाही, हे आत्तींनी शेजारणीला सांगितलं. मला नाही सांगितलं.

संध्याकाळसाठी दिवा खोलीच्या मधोमध लावू नका, एवढं तरी ऐका. पाठीमागून उजेड आला की आपलीच सावली चिरत्या भाजीवर पडते. वरच्या फळीच्या पुढच्या कडेखाली एलईडीची पट्टी लावली. फळी ओट्यापासून दोन फूट वर, म्हणजे डोकंही आपटत नाही.

परसाच्या भिंतीत वरच्या बाजूला भाजक्या मातीच्या जाळीच्या विटा बसवल्या. खानापूरची माती या कामाला नामांकित. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा तिथंच आहे. विटांच्या आतून बारीक तारेची जाळी मारली, नाहीतर परसातली मांजरं आणि घुशी आपलं घर समजून येतात. जाळीच्या शेजारी एक्झॉस्ट पंखा. चिमणी घेतली नाही. मिरचीची फोडणी पडली की पुढच्या खोलीत ठसका लागतोच, तो चिमणीनंही पुरता थांबत नाही असं माझी नणंद सांगते, आणि तिच्याकडे चांगली महागाची आहे.

कामाचा त्रिकोण म्हणून एक प्रकार असतो, हे मला ह्यांनी मोबाइलवर वाचून दाखवलं: शेगडी, सिंक आणि फ्रीज यांच्यामध्ये कमीत कमी चालणं व्हावं. त्याच्याही आधी 1926 मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी रेल्वेच्या डायनिंग डब्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून जेमतेम दोन मीटर रुंदीचं स्वयंपाकघर आखलं होतं. सगळं हाताशी. हुशारीचंच काम. पण ते एका बाईनं एकटीनं राबायचं स्वयंपाकघर. आमच्याकडे एक थापते, एक भाजते, तिसरी कोणी आलेली बाई उंबऱ्यात बसून बोलत लसूण सोलते. त्रिकोण पाळला, पण मध्ये चार बाय चारची जमीन मोकळी सोडली. विळीवर बसून भाजी चिरायची आत्तींची सवय मोडायची नव्हती, आणि गौरीच्या वेळी दहा माणसांचा स्वयंपाक जमिनीवरच चांगला होतो. म्हणून ते मधलं उंच टेबल गेलं. सफरचंदंही गेली.

जुन्या भिंतीतलं फडताळ पाडायचं असं गवंड्यांनी गृहीतच धरलं होतं. मी नको म्हटलं. सागवानी चौकट, आत तीन फळ्या. दारं गेली होती, तिथं मिस्त्रींनी जाळीची दारं करून दिली. दूध, दही, उरलेली भाकरी आत राहते, हवा खेळते. चौकटीला थरावर थर बसलेला हिरवा ऑइलपेंट खरवडून काढला, तेव्हा खालचं लाकूड मधासारखं निघेल असं वाटलं होतं. निघालं काळपट, एका बाजूला खिळ्यांची भोकं. तसंच ठेवलं, नुसतं जवसाचं तेल चोळलं.

खर्च दुकानाच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी आला. त्यात काटकसरीपेक्षा न घेतलेल्या गोष्टींचा हात मोठा.

आता माळा राहिला आहे. त्याला दारं लावायची की पडदा, यावर चर्चा चालू आहे. मिस्त्री म्हणतात दिवाळीनंतर बघू, हंगामात त्यांना वेळ नाही. आत्तींना माळ्याला परत तोच हिरवा ऑइलपेंट हवा आहे, डबा मोरीत अजून अर्धा शिल्लक आहे म्हणे. मी तो डबा उघडून बघितला. रंग वर साय धरून बसलाय, पण ढवळला तर निघेल.